नफा का घटला, सांगा पाहू : केस इंटरव्ह्यूच्या तयारीचा आढावा

ज्या मुलीनं सिमेंटचा कारखाना कधी बाहेरूनही पाहिलेला नाही, तिला विचारायचं की अमुक सिमेंट कंपनीचा नफा दोन वर्षांत का घसरला. तिनं पंचवीस-तीस मिनिटं मोठ्यानं विचार करायचा, मधूनमधून कागदावर आकडेमोड करायची, आणि त्यावरून तिला नोकरी द्यायची की नाही हे समोरच्यानं ठरवायचं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा प्रकार अजबच वाटतो. पण मॅकिन्झी, बीसीजी, बेन आणि त्यांच्यासारख्या व्यवस्थापन सल्लागार कंपन्या जगभर माणसं घेतात ती याच रीतीनं. आपल्याकडच्या आयआयएममध्ये पहिल्या वर्षाला प्रवेश घेऊन जेमतेम तीन-चार महिने होतात तोच उन्हाळी इंटर्नशिपच्या मुलाखती दारात येतात. मग वसतिगृहाच्या खोल्यांत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कुणी विमान कंपनी वाचवत असतं, तर कुणी मुंबईत रोज किती वडापाव खपतात याचा हिशेब मांडत असतं.

या तयारीचा आता एक उद्योगच झाला आहे. पुस्तकं आहेत, शिकवण्या आहेत, यूट्यूबवर तासन्‌तासांचे व्हिडिओ आहेत, दरवर्षी नव्यानं निघणारी केसबुकं आहेत. ‘गृहीतक धरून विचार करा’ आणि ‘चार्ट नीट वाचा’ हे दोन सल्ले त्या सगळ्यांत सापडतात. दोन्ही योग्यच आहेत. अडचण एवढीच, की बहुतेक मुलं ते वेगवेगळे शिकतात आणि त्यांचा एकमेकांशी असलेला संबंध त्यांच्या लक्षात येत नाही.

आधी थोडा इतिहास. जेम्स मॅकिन्झी या शिकागोच्या प्राध्यापकानं १९२६ मध्ये आपल्या नावाची कंपनी काढली, पण तिला आजचं रूप दिलं ते १९३३ मध्ये आलेल्या मार्विन बोवर या वकिलानं. दुसऱ्या महायुद्धानंतर बोवर यांनी एक धाडस केलं. उद्योगांत केस पांढरे झालेले अधिकारी घेण्याऐवजी हार्वर्डसारख्या बिझनेस स्कूलमधून नुकतीच बाहेर पडलेली पंचविशीतली मुलं घ्यायला सुरुवात केली. अशा मुलाला अनुभव विचारण्यात अर्थ नसतो. त्याचं डोकं कसं चालतं, हेच पाहायचं उरतं. त्याची चाचणी घ्यायचं साधनही तयार होतं, कारण हार्वर्डमध्ये एखाद्या कंपनीची खरी अडचण वर्गात मांडून तिच्यावर वाद घालायची शिकवण्याची पद्धत १९२० च्या दशकातच रुजली होती. १९६३ मध्ये ब्रूस हेंडरसन यांनी बीसीजी सुरू केली, १९७३ मध्ये तिथूनच बाहेर पडलेल्या बिल बेन यांनी आपली वेगळी चूल मांडली, आणि तिघींमध्ये हुशार मुलं पटकावण्याची चढाओढ लागली.

१९६३ मध्येच बार्बरा मिंटो मॅकिन्झीत दाखल झाल्या. तिथं एमबीए म्हणून घेतलेल्या त्या पहिल्या महिला. सल्लागारांचे अहवाल वाचवत नाहीत, कारण त्यामागचा विचारच विस्कळीत असतो, असं त्यांच्या ध्यानात आलं. त्यातून त्यांची ‘पिरॅमिड’ मांडणी आली: निष्कर्ष आधी, कारणं नंतर, पुरावे शेवटी. आज प्रत्येक उमेदवाराच्या तोंडी असलेला ‘मीसी’ हा शब्दही त्यांचाच. प्रश्नाचे भाग असे पाडायचे की एकही भाग दुसऱ्यावर चढू नये आणि काही सुटूही नये, एवढाच त्याचा अर्थ. उत्पन्न आणि खर्च, जुने ग्राहक आणि नवे ग्राहक, अशा फांद्या पाडत गेलं की प्रश्नाचं झाड तयार होतं.

झाडापर्यंत सगळं ठीक चालतं. पुढं गाडी अडते.

मार्क कोसेंटिनो यांचं ‘केस इन पॉइंट’ हे या विषयातलं सर्वांत गाजलेलं पुस्तक. त्यानं आणि त्याच्या मागून आलेल्या साहित्यानं मुलांना साचे दिले. नफ्याचा साचा, नव्या बाजारात शिरण्याचा साचा, किंमत ठरवण्याचा साचा. त्याआधीचे मायकेल पोर्टर यांचे १९७९ चे स्पर्धेचे पाच घटक आणि जेरोम मॅकार्थी यांचे १९६० चे विपणनाचे चार ‘पी’ तर होतेच. साचा वाईट नसतो. घाबरलेल्या माणसाला पहिली दोन मिनिटं तो आधार देतो. पण एखाद्या सरकारी रुग्णालयातल्या रांगा कमी करायच्या आहेत आणि उमेदवार ‘प्रथम बाजारपेठेचा आकार पाहू’ म्हणून सुरुवात करतो, तेव्हा समोरच्याला कळून चुकतं की हा पाठ करून आला आहे. दिवसाला आठ-आठ मुलाखती घेणाऱ्या माणसाच्या कानाला पाठांतर लगेच ओळखू येतं.

भारतातल्या कॅम्पसची या बाबतीत स्वतःची रीत आहे. शॉर्टलिस्ट लागली की कंपनी प्रत्येक उमेदवाराला एक ‘बडी’ देते. तिथंच काम करणारा हा तरुण फोनवरून सरावाच्या केसेस घेतो आणि चुका सांगतो. आयआयटीच्या मुलांमध्ये अंतिम नोकरभरती १ डिसेंबरला सुरू होते, म्हणून तिथं दिवाळीपासूनच केस पार्टनर शोधायची धांदल उडते. वरच्या वर्गातल्या मुलांनी आपल्या मुलाखती आठवून लिहिलेली केसबुकं पीडीएफच्या रूपात हातोहात फिरतात. त्यांचा फायदा असा, की प्रश्न भारतीय असतात: टोलनाका, कोचिंग क्लास, डबेवाले, ट्रॅक्टर. तोटा असा, की प्रत्येक केस सुटलेलीच दिसते. उमेदवार विचारतो, मुलाखतकार नेमकी हवी तीच माहिती देतो, चार प्रश्नांत कारण सापडतं. चुकीच्या फांदीवर दहा मिनिटं घालवून परत फिरलेला उमेदवार या केसबुकांत क्वचितच भेटतो. शिकण्यासारखं खरं तर त्याच्याकडूनच असतं.

मुलाखतीचे दोन ढंग आहेत. मॅकिन्झीत सूत्रं बहुधा मुलाखतकाराच्या हाती असतात: आता रचना मांडा, आता हा तक्ता बघा, आता हे गणित करा. बीसीजी आणि बेनमध्ये उमेदवारानंच केस पुढं न्यायची असते. तो मागेल तेव्हाच माहिती मिळते. दुसऱ्या ढंगात गृहीतकावाचून पाऊल पुढं पडत नाही, कारण काय मागायचं हे तेच सांगतं.

गृहीतक म्हणजे तपासता येईल असा अंदाज. ‘खर्च वाढला असेल’ हे गृहीतक म्हणून फारच ढिलं आहे. ‘डिझेल महागल्यामुळे वाहतुकीचा खर्च वाढला, आणि दूरच्या जिल्ह्यांत नफा जास्त घटला असेल’ यात दम आहे, कारण ते खोटं ठरू शकतं. दूरच्या आणि जवळच्या जिल्ह्यांत नफा सारखाच घटला असेल तर ते कोसळतं, आणि उमेदवाराला दुसरीकडं वळता येतं. ही रीत सल्लागारांनी शोधलेली नाही. अमेरिकी भूगर्भशास्त्रज्ञ थॉमस चेंबरलिन यांनी १८९० मध्येच संशोधकांना बजावलं होतं की एकाच अंदाजाच्या प्रेमात पडू नका, एकाच वेळी अनेक अंदाज हाताशी ठेवा. १९६४ मध्ये जॉन प्लॅट यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात त्याचाच पुढचा धडा दिला: दोन अंदाजांपैकी एकाला बाद करील असा प्रयोग शोधा.

माणसाचा स्वभाव मात्र नेमका याच्या उलट जातो. इंग्लंडमधले मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० मध्ये एक साधा खेळ केला. २, ४, ६ ही त्रयी एका नियमात बसते, तो नियम ओळखा. हव्या तेवढ्या त्रयी सुचवा, प्रत्येक बसते की नाही ते सांगितलं जाईल. बहुतेकांनी ‘दोनदोननं वाढणाऱ्या संख्या’ असं मनात धरलं आणि ८, १०, १२ किंवा २०, २२, २४ अशाच त्रयी विचारल्या. दर वेळी होकार आला, आणि त्यांनी छातीठोकपणे चुकीचा नियम सांगितला. खरा नियम होता फक्त ‘चढत्या क्रमातल्या संख्या’. २९ जणांपैकी अवघ्या ६ जणांनी एकही चुकीचं उत्तर न देता तो ओळखला. १, २, ३ किंवा १, २, ५० विचारायचं बाकीच्यांच्या मनात क्वचितच येत होतं, कारण त्यात आपला अंदाज मोडायचा धोका होता. केस सोडवताना होणारी सर्वांत महागडी चूक हीच. उमेदवार गृहीतक मांडतो आणि पुढची वीस मिनिटं त्याची वकिली करतो.

एक खरं उदाहरण घेऊ. २०१९ ची सुरुवात, मुंबईची बेस्ट. एकेकाळी रोज ४० लाखांहून अधिक प्रवासी नेणाऱ्या बसमध्ये आता १७-१८ लाखांच्या आसपास प्रवासी उरले आहेत, तोटा वाढतो आहे. काय कराल?

पाठांतर केलेला उमेदवार उत्पन्न आणि खर्चाच्या फांद्या काढतो आणि एकेक फांदी क्रमानं तपासायला निघतो. तास पुरणार नाही. गृहीतक धरणारी मुलगी दोन प्रश्न विचारते: घट कधीपासून, आणि बसची संख्या तेवढीच आहे का? मग म्हणते, ‘माझा अंदाज असा, की जवळच्या अंतराचे प्रवासी शेअर रिक्षाकडं गेले, कारण किमान भाडं त्यांना परवडेनासं झालं. हे खरं असेल तर पहिल्या दोन-तीन किलोमीटरच्या टप्प्यातली घट लांबच्या टप्प्यांपेक्षा मोठी दिसायला हवी. आणि उपनगरातली घट शहरापेक्षा मोठी दिसायला हवी, कारण माहीम-शीवच्या दक्षिणेला रिक्षा येतच नाहीत.’ या शेवटच्या वाक्याला मुलाखतकार मान वर करून बघणार, कारण दोन अंदाजांत निवाडा करू शकेल अशी जागा तिनं शहराच्या नकाशावर शोधली. शहरात शेअर टॅक्सी आहेत, त्यामुळे निवाडा पक्का होणार नाही, हेही तिनं स्वतःच म्हटलं तर आणखी उत्तम. आणि घट सगळीकडं सारखीच निघाली, तर? मग भाडं हे कारण मागं पडतं, आणि बसची वाट किती वेळ पाहावी लागते, गाड्या किती कमी झाल्या, २०१४ मध्ये सुरू झालेल्या वर्सोवा-घाटकोपर मेट्रोनं कुठले मार्ग खाल्ले, याकडं वळावं लागतं.

आता उपाय. बेस्टनं जुलै २०१९ मध्ये किमान भाडं ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आणलं. कागदावर गणित सोपं: आठाचे पाच झाले तर तेवढंच उत्पन्न मिळायला प्रवासी ६० टक्के वाढायला हवेत, कारण ८ भागिले ५ म्हणजे १.६. पण इथं एक खाच आहे. पूर्वी ८ रुपयांत दोन किलोमीटर जाता येई, नव्या दरात ५ रुपयांत पाच किलोमीटर. म्हणजे चार-पाच किलोमीटर जाणाऱ्याची सवलत ३७.५ टक्क्यांपेक्षा बरीच जास्त झाली, आणि बरोबरी साधायला ६० टक्के पुरणार नव्हते. प्रत्यक्षात काही महिन्यांत प्रवासी ३० लाखांच्या घरात पोचले. बस पुन्हा भरल्या, पण तूट भरून काढायला महापालिकेच्या अनुदानाचा आधार लागतच राहिला. मे २०२५ मध्ये किमान भाडं १० रुपये झालं. २०१९ चा निर्णय बरोबर होता की चूक, हे कशाला यश म्हणायचं त्यावर ठरतं. प्रवासी हवे होते, की पैसे? मुलाखतीत हा प्रश्न पहिल्या मिनिटात विचारायचा असतो. निम्मे उमेदवार तो शेवटी विचारतात किंवा विचारतच नाहीत.

गृहीतक कधी मांडावं, यावर मार्गदर्शकांमध्ये मतभेद आहेत. मॅकिन्झीत काम केलेले व्हिक्टर चेंग यांच्यासारखे लोक ते लवकरात लवकर बोलून दाखवा म्हणतात. दुसरा पक्ष सांगतो, आधी झाड पूर्ण काढा, मग फांदी निवडा. बेस्टच्या उदाहरणावरून पाहता सुवर्णमध्य अवघड नाही. माहिती शून्य असताना ठोकलेला अंदाज हा नुसता आवाज असतो, आणि दहा मिनिटं झाली तरी अंदाज नसणं ही टाळाटाळ. दोन नेमके प्रश्न विचारून झाल्यावर, चुकला तरी चालेल अशा सुरात तो मांडावा. ‘माझा सध्याचा अंदाज’ हे शब्द वापरले की पुढं तो बदलताना अडखळायला होत नाही.

आणि बदलायला भाग पाडतो तो बहुधा चार्ट. केस अर्ध्यावर आली की मुलाखतकार एक कागद पुढं सरकवतो. ऑनलाइन मुलाखत असेल तर स्क्रीनवर उघडतो. कागदावर दोन-तीन आलेख, एखादा तक्ता, तळाशी बारीक अक्षरात टीप. सल्लागारांच्या जगात चार्टला केवढं महत्त्व आहे हे सांगायला जीन झेलाझ्नी यांचं नाव पुरेसं आहे. मॅकिन्झीत अनेक दशकं त्यांचं काम हेच होतं, आणि १९८५ मधलं त्यांचं ‘से इट विथ चार्ट्स’ आजही वाचलं जातं. आधी सांगायचं काय ते ठरवा, मग चार्ट निवडा, हा त्यांचा आग्रह. उमेदवाराला उलट दिशेनं जायचं असतं: चार्ट हातात आहे, त्यातून सांगायचं काय?

समजा पश्चिम महाराष्ट्रातला एक काल्पनिक दूध संघ आहे. विक्री एका वर्षात ४०० कोटींवरून ५०० कोटी झाली, नफा मात्र ४० कोटींवरच थांबला. उमेदवाराचं गृहीतक: दूध खरेदीचा दर वाढला, म्हणून नफ्याचं प्रमाण १० टक्क्यांवरून ८ वर आलं. मुलाखतकार चार्ट देतो. पिशवीतल्या दुधाची विक्री २४० कोटींवरून ३५० कोटी, त्यातला नफा दोन्ही वर्षी ५ टक्के. दही, तूप, श्रीखंड वगैरेंची विक्री १६० कोटींवरून १५० कोटी, नफा १७.५ टक्क्यांवरून १५ टक्के.

इथं बहुतेक जण चार्ट वाचून दाखवतात. दूध वाढलं, दही घटलं, नफा घटला. हे मुलाखतकारालाही दिसतंच आहे. पुढचं पाऊल हिशेबाचं. दही-तुपाचा नफा १७.५ टक्केच राहिला असता तर? ३५० चे ५ टक्के साडेसतरा, १५० चे साडेसतरा टक्के सव्वासव्वीस. एकूण पावणेचव्वेचाळीस कोटी, म्हणजे विक्रीच्या पावणेनऊ टक्के. एकूण घसरण २ टक्क्यांची. त्यातली सव्वा टक्क्याची घसरण केवळ विक्रीत दुधाचा वाटा वाढल्यामुळे झाली, आणि उरलेली पाऊण टक्क्याची दही-तुपाच्या नफ्याला कात्री लागल्यामुळे. मूळ गृहीतकाचं काय झालं? खरेदीदर वाढला असता तर पिशवीच्या दुधाचा नफा आधी घसरला असता. तो जागचा हलला नाही. दर वाढवून विक्री-किंमतही तेवढीच वाढवली असेल, ही पळवाट उरते, पण तिचाही पुरावा मागता येतो. तेव्हा चांगला उमेदवार म्हणतो, ‘खरेदीदराचा अंदाज मी बाजूला ठेवतो. मोठा भाग विक्रीच्या मिश्रणाचा आहे. दही-तूप का खपत नाही, ते मला पाहायचं आहे: स्पर्धक, वितरण की उत्पादनक्षमता?’ तीन वाक्यांत चार्ट वाचून झाला, जुना अंदाज मोडला आणि नवा उभा राहिला. गृहीतक आणि चार्ट या दोन वेगळ्या कसरती नाहीत, असं वर म्हटलं ते यासाठी.

पहिल्या अर्ध्या मिनिटात काय करायचं ते कंटाळवाणं आहे, पण तिथंच जास्त बळी जातात. शीर्षक, दोन्ही अक्ष, एकक, वर्ष, तळटीप. उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का? स्तंभ टक्क्यांचे आहेत की रुपयांचे? वाटा घटला म्हणजे विक्री घटली असं नसतं. ५० कोटींचा वाटा शंभरातून दोनशेत गेला की निम्मा दिसतो, रुपये तेवढेच राहतात. डोळ्यांच्याही मर्यादा असतात. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ मध्ये प्रयोगांनी दाखवलं की एकाच पट्टीवर मांडलेल्या बिंदूंची तुलना माणूस बरीच अचूक करतो, कोन आणि क्षेत्रफळांची मात्र ढोबळच. त्यामुळे गोल चार्टवरच्या फाका किंवा मॅरिमेको चार्टवरचे लहानमोठे चौकोन डोळ्यांनी तोलू नयेत, आकडे घेऊन गुणाकार करावा. या वेळी गप्प राहायला हरकत नसते. ‘मला अर्धा मिनिट द्या’ म्हणणाऱ्याचे गुण कुणी कापत नाही.

चार्टवर काय नाही, हे पाहणं त्याहून अवघड. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं. आदल्या रात्री, थंडीत रॉकेटच्या सांध्यांतल्या रबरी कड्या नीट काम करतील का यावर अभियंत्यांमध्ये खल झाला होता. पूर्वी ज्या उड्डाणांत या कड्यांना इजा झाली होती तेवढ्यांकडंच पाहिलं तर तापमानाशी धड संबंध लागत नव्हता, कारण उबदार दिवशीही एखादी इजा झालेली होती. चौकशी आयोगानं नंतर इजा न झालेली उड्डाणंही त्याच आलेखावर मांडली. चित्र पालटलं: कड्यांचं तापमान ६६ अंश फॅरनहाइट किंवा अधिक असलेल्या २० उड्डाणांत ३ वेळा इजा, आणि ६३ किंवा त्याखालच्या चारही उड्डाणांत इजा. केसमधला चार्ट बघताना हाच प्रश्न विचारावा. तक्रार केलेले ग्राहक दिसताहेत, पण न केलेले कुठं आहेत? तोट्यातली दुकानं दाखवली आहेत, नफ्यातल्यांचा आकार केवढा?

आकडेमोडीबद्दल थोडक्यात. कॅल्क्युलेटर नसतो, आणि भारतीय उमेदवाराला लाख-कोटींतून मिलियन-बिलियनमध्ये ये-जा करावी लागते. दहा लाख म्हणजे एक मिलियन, शंभर कोटी म्हणजे एक बिलियन, एवढं हाताच्या बोटांवर हवं. एका शून्यानं केस बुडालेली उदाहरणं कॅम्पसवर कुणालाही विचारावीत. जुन्या मराठी शाळांत पाव, निम, दीड आणि अडीचचे पाढे घोकून घेत. ते पाठ असलेल्या आजोबांना सव्वा टक्का आणि पाऊण टक्क्याचा वरचा हिशेब कागदावाचून जमला असता.

या सगळ्यातून योग्य माणूस निवडला जातो का? निवडपद्धतींच्या संशोधनात फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांचा १९९८ चा आढावा प्रमाण मानला जाई. त्यात कामाचा प्रत्यक्ष नमुना करून दाखवण्याच्या चाचणीचा नोकरीतल्या कामगिरीशी सहसंबंध ०.५४ आणि ठरावीक आराखड्याच्या मुलाखतीचा ०.५१ होता. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ते हिशेब नव्यानं तपासले तेव्हा कामाचा नमुना ०.३३ वर आला, तर आराखड्याची मुलाखत ०.४२ वर येऊनही यादीत अव्वल राहिली. केस इंटरव्ह्यूत या दोन्हींचा अंश आहे, म्हणून ती निव्वळ तमाशा ठरत नाही. पण तिला बळ येतं ते सगळ्यांना सारखे प्रश्न आणि सारखे निकष असले तरच. मुलाखतकारानं लहर लागेल तशी केस फिरवली की तेही जातं. नुसत्या कोड्यांचं काय होतं ते गूगलनं अनुभवलं. ‘एका विमानात किती गोल्फचे चेंडू मावतील’ छापाचे प्रश्न म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय, अशी कबुली तिथले मनुष्यबळ प्रमुख लॅझ्लो बॉक यांनी २०१३ मध्ये जाहीरपणे दिली.

कंपन्यांनी चाळणीही बदलली. मॅकिन्झीची जुनी लेखी परीक्षा ६० मिनिटांत २६ प्रश्नांची होती, आणि त्यांतले बरेचसे चार्ट-तक्त्यांवरचे. तिच्या जागी संगणकावरचा खेळ आला, ज्यात सुरुवातीला उमेदवाराला अन्नसाखळी जुळवून परिसंस्था टिकवावी लागे. बीसीजीत चॅटबॉट केस विचारतो. पाठांतराला आळा बसावा हा हेतू, पण खेळाच्याही शिकवण्या निघायला वेळ लागला नाही.

शिकवण्या कुणाला परवडतात, हा प्रश्न मागं उरतोच. बडी मिळतो तो शॉर्टलिस्ट लागलेल्याला, आणि शॉर्टलिस्ट लागते ती कंपनी ज्या कॅम्पसला येते तिथं. नांदेड किंवा रत्नागिरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेरून अर्ज करणाऱ्याला ना बडी, ना चार चांगले केस पार्टनर. त्यात मराठी माध्यमातून आलेल्या मुलाचं गणित पक्कं असतं, अडचण येते ती इंग्रजीत मोठ्यानं विचार करण्याची. मनात मराठीत हिशेब आणि तोंडानं इंग्रजीत निवेदन, अशी दुहेरी कसरत चालू असताना तो गप्प होतो, आणि गप्प उमेदवाराला कुणी गुण देऊ शकत नाही. यावर उपाय सरावाचाच. आधी आठवडाभर केसेस सरळ मराठीत सोडवाव्यात, म्हणजे विचाराची घडी बसते; मग त्याच केसेस इंग्रजीत.

साहित्य फुकटात मिळवता येतं. सरावाच्या केसेस मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर आहेत. मॅकिन्झीच्या नमुन्यांतली मेक्सिकोतल्या दिकोन्सा या ग्रामीण दुकानांच्या जाळ्यावरची केस तर आपल्या रेशन दुकानांची आठवण करून देते. चार्टसाठी नोंदणीकृत कंपन्यांचे वार्षिक अहवाल आहेत, रिझर्व्ह बँकेचं मासिक पत्रक आहे, आणि दरवर्षी राज्याच्या अर्थसंकल्पाच्या तोंडावर मराठी-इंग्रजी दोन्ही भाषांत निघणारी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ आहे. तिच्यातला कुठलाही तक्ता घ्यावा, शेजारचा मजकूर वहीनं झाकावा. तक्त्यात काय दिसेल याचा एक अंदाज आधी लिहावा, मग आकडे पाहावेत, अंदाज टिकला की मोडला ते एका वाक्यात लिहावं, आणि ते का, हे दुसऱ्या वाक्यात. मग वही उचलून सरकारी मजकूर वाचावा. तिथं बहुतेक वेळा नुसतं ‘वाढ झाली’ किंवा ‘घट झाली’ एवढंच लिहिलेलं असतं; का झाली हे शोधायला सोबत पार्टनर असला तर उत्तम, नसला तर फोनचा रेकॉर्डर चालू करून स्वतःलाच सांगावं आणि दुसऱ्या दिवशी ऐकावं.